रविवारी प्रल्हादला काय सांगू, शालिक?

प्रिय शालिक,

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. तू खेळायला कलकत्त्याला गेलास, हैदराबादला गेलास, तेव्हासुद्धा मी लिहिलं नाही. तुझी माय मागं लागायची, पोराला दोन ओळी टाका म्हणून. मी म्हणायचो, पत्राच्या आधी तोच घरी येतो. आता तू जिथं आहेस तिथला पत्ता नाही, तिथं टपाल जात नाही, आणि आता मी लिहायला बसलो आहे. मास्तरांनी चौथीपर्यंत जसं शिकवलं तसं लिहीन. चुकलं तर हसू नकोस.

कारण सांगतो. येत्या रविवारी प्रल्हाद आणि त्याची आई आपल्या घरी येणार आहेत. सिंधूसाठी. पाट लावायचा म्हणतात.

लिहिलं एकदाचं. हे एक वाक्य कसं लिहावं या विचारात सकाळपासून मागावर नुसतं सूत तोडत होतो.

तुझ्या बायकोला दुसऱ्या घरी देऊ की नको, हे मी तुलाच विचारतो आहे. असं कोणी विचारतं का रे? पण मग विचारू कोणाला? तुझी माय तुझ्याही आधी गेली. तुझा गणपत काका आहे, पण त्याला काही विचारलं की तो उत्तर देत नाही, भाषण करतो. प्रल्हादची बायको बाळंतपणात गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिवाळीनंतर त्याच्या आईनं पहिल्यांदा विषय काढला तेव्हा मी म्हणालो, पाहू. संक्रांतीला म्हणालो, होळी होऊ द्या. होळीही झाली. आता पुढं ढकलायला सण उरला नाही.

आणि माणूस कोण? तर प्रल्हाद. ज्याच्या हातात तुझा गुडघा गेला, तोच.

हल्ली मला सारखे तुझे लहानपणचे पाय आठवतात. सकाळी सुताला खळ लावायला आम्ही गल्लीत ताणा पसरायचो. आपल्या ओट्यापासून थेट पिंपळापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर ओलं सूत ताणलेलं असायचं. नुसता धक्का लागला तरी तुटायचं. बाया दोन्ही बाजूंनी कुंचे मारत चालायच्या आणि तू त्याच्या खालून वाकून पळायचास, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबूंच्या मधून, एकाही धाग्याला न लागता. बाया ओरडायच्या, "शालिक्या, सूत तुटलं तं टांगडी तोडीन." तू तिकडून विचारायचास, "तुटलं काय?" तुटलेलं नसायचं.

पुढं तेच लोकांनी टाळ्या देत पाहिलं. समोर सात गडी हात पसरून उभे, आणि तू त्यांच्या हाताखालून निसटून मधल्या रेघेवर. लोक विचारायचे, हा कुठं शिकला? कुठं शिकणार? ओल्या सुताखाली शिकला.

चीनच्या लढाईच्या साली कापडाच्या मिलीनं तुला त्यांच्या कबड्डीच्या संघात घेतलं आणि नोकरी दिली. मला ते पटलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. आपण हातमागाची माणसं. मिलीच्या स्वस्त लुगड्यांपायी आपल्या गल्लीतले किती माग थंड पडले. आणि माझाच पोरगा मिलीत? तेही कामाला नाही, खेळायला? फोल्डिंग खात्यात नाव लागलं होतं तुझं, पण दुपारचा भोंगा झाला की तू मैदानावर.

"खेळून कोनाचं पोट भरते गा?" मी विचारलं होतं.

"माह्यं भरून राहिलं ना, बाबा."

"आज भरते. उद्या पाय गेला तं?"

"पाय कुठी जाते? गेला तं मले घेऊनच जाईन."

तुझी माय हसली. मी नाही हसलो. माझा स्वभावच तसा. कोणी हसलं की मला त्याच्या मागचं रडणं दिसायला लागतं. ताटात भात वाढला की उद्याच्या तांदळाची काळजी. तू म्हणायचास, बाबा, तुमी चिंतेवरच जगून राहिले, चिंता संपली तं उपाशी मरान. तसंच असेल. पण माझी एक चिंता तरी खोटी निघाली का? सांग बरं.

माय पहिल्यांदा मॅच पाहायला आली होती, आठवतं? तू पकडला गेलास, तुझ्या अंगावर चार गडी पडले, पंचानं शिट्टी फुंकली आणि तिच्या बाजूचा माणूस ओरडला, "मेला, शालिक मेला." बाद झालेल्या गड्याला मेला म्हणतात, हे त्या बाईला काय माहीत? तिनं आधी त्या माणसाला शेलक्या शिव्या घातल्या आणि दोरी ओलांडून सरळ मैदानात शिरली. तू धुळीतून उठून तिला म्हणालास, "माय, म्या जिता आहो. तू बाहेर जाऊन बस." पंच तोंड फिरवून हसत होते. घरी येऊन तिनं मीठ-मिरच्यांनी तुझी दृष्ट काढली आणि पुन्हा मैदानाकडं फिरकली नाही.

मी मात्र यायचो. तुला वाटायचं, बाबा पाहतात. खरं सांगू? मला पाहवत नसे. तू रेघ ओलांडून कबड्डी कबड्डी सुरू केलंस की इकडं माझाही श्वास अडकायचा, आणि तू परत येईपर्यंत तो सुटायचा नाही. तुझी छाती तरुण होती. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेजारी बसलेले म्हणायचे, "बुढाजी, पोट्टा खेळून राहिला, घाम तुमाले काहून?" मग मी खाली मातीकडं पाहत बसायचो. टाळ्या वाजल्या की समजायचं, आला परत.

चांगले दिवस आले तेव्हा ते कायमचे आले असंच सगळ्यांना वाटलं. विदर्भाच्या संघात तू गेलास. पेपरात फोटो आला. स्टेशनवरून तुला रिक्षात बसवून गळ्यात हार घालून आणलं, तेव्हा आपल्या गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून पोरांनी तुला खांद्यावर घेतलं. महालच्या बाजारात मी सूत आणायला गेलो की दुकानदार खुर्ची द्यायचा. "शालिकभाऊचे बाबा." माझं स्वतःचं नाव लोक विसरले होते, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

हैदराबादहून तू मायसाठी बांगड्या आणल्यास आणि माझ्यासाठी शाल. मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणालो, ताणा ढिला आहे. तुझं तोंड एवढंसं झालं. विणकराला कापड दिलं तर तो दुसरं काय बोलणार रे? ती शाल आताही माझ्या अंगावर आहे. इतकी वर्षं धुतली, वापरली. ताणा ढिला नव्हता तिचा.

मग सिंधू आली. उमरेडकडच्या खेड्यातली पोर. तिच्या बापानं पेपरातला तुझा फोटो पाहून होकार दिला होता. फोटोत गुडघे दिसत नाहीत. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा तुझे गुडघे आणि कोपरं पाहिली आणि मायला विचारलं, "हे मानूस आहे का ग्राउंड?" एका जागी सलग कातडी नव्हती तुझ्या पायांवर. त्या दिवसापासून तिचं एकच. संध्याकाळी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि तुझे गुडघे शेकायचे. मग मोहाचं तेल. तू ओरडायचास, "जळलो वं," आणि ती म्हणायची, "चार जन आंगावर पडते तवा नाही बोंबलत?"

आणि प्रल्हाद. पलीकडच्या सक्करदरा वस्तीतला तो बुटका, रुंद पोरगा तुझ्या मागून संघात आला. तुझं काम चढाईचं, त्याचं पकडीचं. तो कोपऱ्यावर उभा राहायचा. तू मला अभिमानानं सांगायचास, "बाबा, मले पकडाले साऱ्या मुलखात एकच मानूस आहे, अन् तो आपल्याच संघात आहे." तुम्ही दोघं सरावात एकमेकांना इतकं रगडायचात की मॅच तुम्हाला सोपी वाटायची. मग एकाच सायकलवर घरी. एकाच ताटात पिठलं-भाकर. सिंधू वाढायची आणि म्हणायची, "दोघाचं पोट एक अन् भाकरी दोघाच्या."

आता पुढचंही लिहून टाकतो.

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती. तुझं वय उतरायला लागलं होतं, चढाई करणाऱ्याचं वय लवकर उतरतं. तुझा उजवा गुडघा सकाळी सुजलेला असायचा. तू हाडवैद्याकडं जायचास, पट्टी बांधायचास आणि खेळायचास. मी म्हणालो, आता बस कर. तू म्हणालास, बसलो तं उठता येनार नाही, बाबा.

मोठ्या सामन्याच्या आधीचा सराव होता. मी मागावर होतो. गल्लीत गलका झाला आणि पाहतो तर रिक्षात तू, तुझ्या बाजूला प्रल्हाद. तुझा पाय त्याच्या मांडीवर, लहान लेकरू धरावं तसा. गुडघा कुठं आणि पाऊल कुठं. मी प्रल्हादला विचारलं, कोनं केलं? तो म्हणाला, "म्या."

मी त्याला काय काय बोललो, ते तू ऐकलंसच. तू दातओठ खात म्हणालास, "बाबा, त्याले काही म्हनू नका. म्या दम नाही सोडला." मला त्याचा अर्थ लागला नाही. मला एवढंच दिसत होतं, की याच्या हातात माझ्या पोराचा पाय होता आणि यानं तो सोडला नाही.

तुझं खेळणं तिथं संपलं. मिलीतलं नाव राहिलं, पण आता फोल्डिंग खातं नाही. सूत कातायच्या रिंग खात्यात, उभ्यानं काम. लंगडत जायचास, लंगडत यायचास. कापसाचे तंतू केसांत, भुवयांवर. आधी ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं होतं, ती पोरं मोठी झाली होती, सायकलीवरून घंटी वाजवत जायची. कोणाचा त्यात दोष नाही. खेळ पुढं जातो, नवा गडी येतो. पण शालिक, तू त्याबद्दल एकदाही बोलला नाहीस. माझ्याशी तरी बोलायचं. मी काळजीच केली असती, दुसरं काय? ती तशीही करतच होतो.

तुला एकच हौस उरली होती. संध्याकाळी मैदानावर जाऊन बसायचं. आणि तुला न्यायला कोण यायचं? प्रल्हाद. सायकल ओट्याला टेकवून उभा राहायचा. मी त्याला आत ये म्हटलं नाही आणि तोही कधी आत आला नाही. तू कॅरियरवर बसायचास, पाय सरळ सोडून, आणि तो पायडल मारायचा. अंधार पडायच्या आत परत आणून सोडायचा. उन्हाळ्यात, पावसाळ्यात. मी तोंड फिरवून धोटा फेकत राहायचो. तू म्हणायचास, "बाबा, एक शब्द तं बोला त्याच्यासंगं." मी म्हणायचो, माझं सूत तुटतं.

मग ती कावीळ. डोळे पिवळे झाले, तर तू म्हणालास, उन्हाचं आहे. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या माणसाला सात जणांना धरून ठेवता आलं नाही, तो खाटेवर पडल्या पडल्या इतका हलका झाला की कूस बदलायला सिंधू एकटी पुरायची. एवढी घाई काहून केली गा? तुझ्या लेकीला, बेबीला तर नीट चालताही येत नव्हतं. तिला आता तुझं तोंड आठवत नाही. पेपरातला एकच फोटो घरी उरला आहे, ती त्यालाच बाबा म्हणते, आणि त्या फोटोत तू पाठमोरा आहेस.

तुझ्या तिरडीला खांदा द्यायला प्रल्हाद पुढं आला, तेव्हा मी त्याला अडवलं नाही. पण बोललोही नाही.

त्यानंतर तो रोज यायचा बंद झाला. महिन्यातून केव्हातरी यायचा. ओट्यावरूनच विचारायचा, काही आणायचं आहे काय. सिंधू दारात उभी राहून बोलायची. आधी दोन शब्द, मग चार. एकदा मी मागावरून ऐकलं, सिंधू हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली.

कारण मला आधी माझंच सुचलं. तुझ्यापासून काय लपवू? सिंधू गेली तर धोट्यासाठी सुताच्या कांड्या कोण भरेल? पहाटे चूल कोण पेटवेल? बेबी गेली तर संध्याकाळी आबाजी म्हणून गळ्यात कोण पडेल? माझे डोळे आता अंधुक झाले आहेत. तुटलेलं सूत सिंधू शोधून देते. म्हातारा माणूस फार वाईट रे. लोकांचं नाव पुढं करतो आणि मागं स्वतःच्या भाकरीचा विचार करतो.

लोकांचं नाव पुढं करायला गणपत काका आहेच. परवा ओट्यावर बसून म्हणाला, "पाय मोडला त्यानं. आता घरही मोडून राहिला, अन् तू पंचासारखा पाहून राहिला."

मी म्हणालो, "दादा, पोरगी तरनी आहे. किती दिवस बसवून ठेवू?"

"मंग लाव पाट. कोन नाही म्हनते? आपल्यात चालते. पन रीतीनं लाव. अंधार पडल्यावर लाव. वाजंत्री नाही, काही नाही. सवाष्णीची नजर पडू नये. मागच्या दारानं जाऊ दे तिले. अन् आपल्या घरच्यानं मंग तिचं तोंड पाहू नये."

"तिनं काय चोरी केली काय?"

"रीत आहे म्हनलं ना."

तो गेला आणि मला जेवण गेलं नाही. तोंड पाहायचं नाही म्हणजे बेबीचंही नाही?

मग मी एक केलं, शालिक. मागच्या आठवड्यात दुपार कलल्यावर मी तुझी शाल घेतली आणि मैदानावर गेलो. एकटाच. मला प्रल्हादला एक विचारायचं होतं, आणि ते विचारल्याशिवाय मला रविवारी हो म्हणता आलं नसतं आणि नाहीही.

तो आता नव्या पोरांना शिकवतो. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. मला पाहून धावतच आला. "काकाजी, तुमी?" इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर पहिल्यांदा उभे होतो.

मी म्हणालो, "आधी तुहं काम होऊ दे." आणि मातीत बसलो.

आणि त्या दिवशी मी खाली पाहिलं नाही. आत तू नव्हतास, म्हणून पाहू शकलो. एका काटक गड्याला तिघांनी धरलं. तो तोंडानं कबड्डी कबड्डी म्हणत रेघेकडं सरकत होता आणि ते तिघं जीव खाऊन ओढत होते. मला वाटलं, मारतात की काय याला. मग त्याचा दम संपला, तोंड बंद झालं, आणि त्याच क्षणी तिघांचे हात सुटले. एकदम. ज्यानं त्याचा घोटा आवळला होता, तोच खाली बसून त्याचा घोटा चोळायला लागला.

सराव संपल्यावर प्रल्हाद माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, "त्या दिवशी तू सोडलं काहून नाही?"

कोणता दिवस, हे त्यानं विचारलं नाही.

"तो बोलून राहिला होता, काकाजी. दम चालू होता त्याचा. गडी बोलते तोवर पकड सोडाची नाही. सोडली असती तं त्यानं मले आयुष्यभर तोंड दाखवू देलं नसतं. म्हनला असता, लंगड्यावर दया केली."

"अन् गुडघा?"

"आवाज आला. सूत तुटते तसा नाही, बांबू तुटते तसा. मले वाटलं, आता सोडते दम. त्यानं नाही सोडला. रेघ हातभर राहिली होती. अन् म्याही धरून राहिलो. एक पलक." तो मातीकडं पाहत होता. "मंग सोडलं म्या. त्याचा दम चालू असून सोडलं. तो छातीवर सरकत गेला अन् रेघेले बोट लावलं. अन् मंग मले काय म्हनला, माहीत आहे काय?"

"काय?"

"म्हनला, प्रल्हाद्या, सोडलं काहून? रिक्षात घरी येतपर्यंत तेच. सोडलं काहून, सोडलं काहून. अन् घरी आलो तं तुमी म्हनता, सोडलं काहून नाही." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दोघं बाप-लेक. म्या काय कराचं होतं, काकाजी?"

मला हसू आलं, शालिक. आणि हसता हसता डोळे भरून आले. अगदी तुझंच बोलणं ते. पाय मोडला आणि भांडण कशाचं, तर पकड का सोडली याचं. तू मला म्हणाला होतास, म्या दम नाही सोडला. त्यात सगळं होतं. मीच इतकी वर्षं त्या एका पलकीला धरून बसलो होतो.

तरी माझी चिंता संपली नाही. मी त्याला विचारलं, "सिंधूले काहून मांगतो? त्या पलकीपायी?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "त्याच्यापायी असतं तं तुमच्या घरी पानी भरलं असतं. लाकडं फोडली असती. पाट नसता मांगतला."

"मंग?"

एवढा मोठा गडी, कानापर्यंत लाल झाला. "ती बोलते तं मले बरं वाटते. घरी गेलो का माय सोडून कोनी बोलाले नाही. अन् मायले ऐकू कमी येते."

मी शाल सावरून उठलो. त्यानं मला सायकलच्या कॅरियरवर बसवून घरी आणलं. ओट्याशी उतरवलं. मी म्हणालो, "आत ये." तो म्हणाला, "रविवारी येतो. मायले घेऊन." बरोबर आहे. अशा कामाला एकटं येऊ नये.

सिंधू कांड्या भरत होती. "मामाजी, कुठी गेल्ते? म्या साऱ्या गल्लीत शोधलं."

"ग्राउंडवर."

तिचा हात रहाटावर थांबला.

मी म्हणालो, "सिंधू, खरं सांगजो वं. तुले जाचं आहे काय? माह्या मागाचा इचार करू नको."

ती बोटाला सूत गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "जाचं आहे." इतकं हळू, की मला तिच्या ओठांवरून कळलं. आणि लगेच, "पन तुमाले कोन पाहीन?"

"म्या काय लहान लेकरू आहो?"

"लेकरू बरं. वाढलं तं खाते तरी." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "अन् सक्करदरा काय इलायत आहे? बेबी रोज शाळेतून इकडंच येईन. पन मोठे मामाजी म्हनते, मंग तुमी आमचं तोंडही पाहानार नाही. खरं आहे काय ते?"

तिनं हे मला असं विचारलं, शालिक, की मला गणपत काकाचा नाही, माझाच राग आला. पोर महिनोन् महिने हेच मनात घेऊन माझ्या कांड्या भरत होती. तुझ्या नावाला लागेल म्हणून नाही, प्रल्हादच्या हातून पाय गेला म्हणून नाही. मी तिचं तोंड पाहणार नाही, या भीतीनं ती गप्प होती.

तुला वाईट वाटेल का? वाटेल थोडं. मलाही वाटतं. तुझी गादी, तुझा पेला, तुझी बायको. पण तू त्या दोघांना एकाच ताटात जेवताना पाहिलं आहेस. माझ्यापेक्षा तू त्यांना जास्त ओळखतोस. तू इथं असतास तर मला म्हणाला असतास, बाबा, पुरे झालं आता, हो म्हना. मग हे विचारायला बसलोच कशाला? माहीत नाही. तुला न विचारता सांगितलं असतं तर मला झोप लागली नसती. विचारूनही लागेल असं नाही. काळजी आहे, ती राहीलच. पाऊस लागला तर, त्याच्या आईशी सिंधूचं पटलं नाही तर, बेबीला ताप आला तर. पण आता ही काळजी लेकीच्या बापाची आहे. ती करायची मला सवय नाही, शिकेन.

तर मी रविवारी हो म्हणणार आहे. आणि तुला वचन देतो ते नीट ऐक.

पाट सकाळी लागेल, उजेडात. सिंधू पुढच्या दारानं निघेल आणि मी तिच्या बाजूला चालेन. एक ढोल आणि एक सनई मी सांगेन, गणपत काकाला काय बोलायचं ते बोलू दे. तिच्या अंगावरचं लुगडं मी विणलेलं असेल. रंग बेबीनं निवडला आहे, जांभळा. डोळे दिसत नाहीत तर हळू विणीन. आणि दिवाळी आली की नव्या लेकीला न्यायला बाप मुळाला जातो, तसा मी सक्करदऱ्याला जाईन. प्रल्हादच्या दारात उभा राहून सांगेन, माझ्या पोरीला आणि नातीला चार दिवस माहेरी न्यायला आलो आहे.

तिला सासर होतं ते हे घर. आता ते तिचं माहेर, मी आहे तोवर.

तुझा,
बाबा